सरासरीचा साचा

चारुदत्त भावजींच्या स्वयंपाकघरात गेल्या हिवाळ्यात रेडिएटरवर दुधाचे रिकामे खोके वाळत असायचे. कडेने कापलेले, उघडून सपाट केलेले, धुतलेले, चंदेरी बाजू वर करून ओळीने मांडलेले. पहिल्यांदा बघितले तेव्हा मला वाटलं, बायको गेल्यावर या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं मी बोलूनही दाखवलं. मला मनात काही ठेवता येत नाही. विभावरी, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मैत्रीण, माझ्या याच स्वभावाला जर्मनीत, कार्ल्सरूहेला आल्यापासून हसत आली होती.

"टेम्प्लेट करतोय," भावजी म्हणाले. "गोधडीचे. तिची अर्धवट राहिलीय ती पुरी करायची आहे."

"तुम्ही?" मी म्हटलं. "तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"बटण लावण्यात टॉलरन्स नसतो," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालतो ते. हा त्यांचा विनोद होता की नाही, हे मला आजही माहीत नाही.

चारुदत्त भावजी मूळचे चिंचवडचे, मेकॅनिकल इंजिनियर. गाड्यांच्या ब्रेकचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी इथे उभा जन्म काढला, आणि तोही गेज विभागात. गेज म्हणजे पोलादाचा एक ठोकळा. तयार झालेला भाग त्यात बसला तर पास, नाही बसला तर भंगार. अशा ठोकळ्यांच्या संगतीत आयुष्य गेलेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी दिसतात, बसणारी आणि न बसणारी. मुलीच्या बाबतीतही त्यांचं तेच झालं. स्वानंदी त्यांच्या कुठल्याच मापात बसली नाही. ती मराठी समजायची पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची, इंजिनियरिंग सोडून जीवशास्त्राकडे गेली, मग म्युनिकला संशोधनाच्या नोकरीवर गेली आणि तिकडचीच झाली. बापलेकीत भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं, निदान दोघं बोलले असते. दोघांमध्ये बोलायचं काम विभा करायची. इकडचं तिकडे सांगायची, तिकडचं इकडे, आणि दोघांनाही वाटायचं की आपलं बरं चाललंय.

विभा गेली आणि ते दुकानच बंद झालं.

ती गेली तीही आपल्या स्वभावाप्रमाणे, काही जाहीर न करता. पोटात दुखतंय म्हणून इस्पितळात गेली, जाताना गोधडी पलंगावर पसरून ठेवली आणि मला फोनवर म्हणाली, "मधलं तेवढं राहिलंय गं, आले की करते." ती आली नाही. गोधडी पलंगावर तशीच राहिली. चहूबाजूंनी तुकडे लावत लावत ती आत आली होती, आणि मधोमध मोठ्या परातीएवढं पांढरं अस्तर उघडं होतं. शेजारी घडी घालून दोन साड्या ठेवलेल्या. एक काळी चंद्रकळा, एक हिरवी इरकल. दोन्ही सुती, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, आणि दोन्ही तिने इथल्या पहिल्या वर्षांत घरी नेसलेल्या. स्वानंदीला लहानपणी याच साड्यांच्या पदराशी झोपायची सवय होती. ती गोधडी स्वानंदीसाठीच होती.

म्हणूनच स्वानंदी दर रविवारी फोन करायची, हवापाणी विचारायची, आणि मग म्हणायची, "बाबा, इस्ट डी डेके फेर्टिग?" गोधडी झाली का?

भावजी म्हणायचे, "करतोय." फोन संपायचा. आईच्या माघारी मुलीने बापाकडे ही एकच गोष्ट मागितली होती. भावजींनी ती उराशी धरली. ही गोधडी आपल्याकडून झाली नाही तर मुलीशी बोलायला काही उरणार नाही, असं ते मला एकदा म्हणाले. इतकं उघड ते आयुष्यात कधी बोलले नव्हते, म्हणून मी त्यांना त्या दिवशी चिडवलं नाही.

आता विभाच्या कामाबद्दल सांगायला हवं. आम्ही दोघी इथल्या गेमाइंडेहाउसमधल्या, म्हणजे चर्चच्या सभागृहातल्या, पॅचवर्कच्या गटात जायचो. तिथल्या बायका म्हणजे शिस्तीचा कारखाना. प्रत्येकीकडे पारदर्शक प्लास्टिकचे विकतचे साचे, गोल फिरणारी सुरी, खाली हिरवी चटई. मीही तेच घेतलं. विभा मात्र नाश्त्याच्या म्यूस्लीचा रिकामा खोका घेऊन यायची. कात्रीने त्यातून काहीतरी कापायची, त्यावर कापड ठेवून कडा दुमडायची, इस्त्री फिरवायची, पुठ्ठा काढून फेकायची, आणि तुकडा अस्तरावर ठेवून धावदोरा घालायची. कसं करतेस, विचारलं तर म्हणायची, "बघून." दाखव म्हटलं तर म्हणायची, "दाखवण्यासारखं काय आहे त्यात?" जर्मन बायका तिच्या गोधड्यांना हात लावून बघायच्या आणि आपसांत मान हलवायच्या. मी तिला म्हणायचे, विभा, तू पुण्याची असून एवढी अघळपघळ कशी? ती हसायची. तिची कुठलीच ओळ सरळ नसायची, पण गोधडी पसरली की सपाट पडायची. एकही चुणी नाही.

भावजी घरी याच गोष्टीवरून तिच्याशी वाद घालायचे. "अगं, दोन तुकडे सारखे नाहीत. एक साचा कर आणि सगळे त्यावरून काप." ती म्हणायची, "अहो, बसतंय ना? मग झालं तर." त्यांचा संसार असाच चालला आणि माझ्या मते चांगला चालला.

तर भावजींनी साचे करायला घेतले. विकतचे आणणार नाही, म्हणाले. तिने कधी आणले नाहीत. मी डिसेंबरभर अधूनमधून जात होते आणि खरं सांगते, बघत राहावं असं काम होतं. आधी म्यूस्लीचा खोका झाला. पण त्याची कड चार वेळा पेन्सिल फिरली की झिजायची आणि तुकडा हळूहळू लहान व्हायचा. मग दुधाचा खोका. त्याची कड चिवट, पण इस्त्री लागली की आतलं प्लास्टिक वितळून इस्त्रीला चिकटायचं. विभाची इस्त्री त्यात खराब झाली आणि भावजी दिवसभर ती घासत बसले. शेवटी त्यांनी दोन साचे ठरवले. कापायला दुधाच्या खोक्याचा, दुमडायला जुन्या ऑफिस फाइलच्या जाड पुठ्ठ्याचा. कापडावर घसरू नये म्हणून साच्याच्या पाठीला पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवले. कड टिकावी म्हणून विभाच्या कपाटातली नेलपॉलिश काढून ती कडेवरून फिरवली. लाल कडेचे चंदेरी साचे. कापडाचा उभा धागा कुठे यायला हवा, त्याची खूण म्हणून बाण काढला. मार्जिन किती सोडायचं ते मला विचारून घेतलं. मी सांगितलं, पाऊण सेंटीमीटर. ते पाऊण सेंटीमीटर त्यांनी अशा काही बारकाईने घेतलं की मलाच माझ्या आजवरच्या शिवणकामाची लाज वाटली.

"आकार कुठला घेताय?" मी विचारलं.

"तिचे लावलेले तुकडे मोजतोय," ते म्हणाले. हातात व्हर्निअर होतं, केसाएवढं माप घ्यायचं कारखान्यातलं. गोधडीवर व्हर्निअर लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यानंतर माझ्या पुतण्याचं लग्न आलं आणि मी नाशिकला गेले. महिनाभर तिकडेच होते. लग्नाच्या गर्दीत मला गोधडीची आठवणही आली नाही.

परत आल्यावर दोन दिवसांत भावजींचा फोन आला. "अपूर्वा, जरा येऊन जाता का?" आवाज असा होता की मी बॅगा तशाच ठेवून ट्राम पकडली.

ते बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसले होते. समोर गोधडी, आणि बाजूला दोन गठ्ठे, एक काळा, एक हिरवा. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे. कडा अशा जुळलेल्या की छापखान्यातून आल्यासारख्या. चंद्रकळा कुठे दिसेना, इरकल कुठे दिसेना. दोन्ही साड्या संपल्या होत्या. काठ आणि पदरसुद्धा तुकड्यांत गेले होते.

"बसत नाहीत," ते म्हणाले.

मी एक तुकडा उचलून मधल्या उघड्या जागेत ठेवला. एका बाजूला करंगळीच्या नखाएवढं अस्तर दिसत राहिलं. दुसरा ठेवला. त्याला खालून कमी पडलं. तिसरा तिरपा गेला. मी सगळीकडे ठेवून बघितले. एकही बसला नाही. मोठे झाले असते तर कापता आले असते, पण कमी पडलेल्या कापडाला कोण काय करणार?

मग त्यांनी काय केलं ते सांगितलं. सांगताना आवाज सरळ होता, कारखान्यात एखादा भाग नापास झाल्यावर अहवाल देतात तसा. विभाचे तुकडे त्यांनी एकेक करून मोजले. प्रत्येकाचं माप वेगळं निघालं. त्यांना वाटलं, हातकाम आहे, चूक होणारच. खरा आकार एकच असणार, तिच्या हातून तो थोडा इकडेतिकडे झाला. म्हणून त्यांनी सगळ्या मापांची सरासरी काढली आणि त्या सरासरीचा साचा केला. एका जुन्या चादरीतून नमुन्याचे तुकडे कापले, एकमेकांशेजारी मांडून बघितले. सुरेख बसले. एका केसाचाही फरक नव्हता. चाचणी पास झाली म्हटल्यावर त्यांनी साड्या पसरल्या आणि एका बैठकीत सगळा लॉट कापून काढला. सेटअप एकदा लागला की मध्ये थांबायचं नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं.

आपले तुकडे आपल्याच तुकड्यांशी जुळवून बघितले हो त्यांनी. तिच्या तुकड्यांशी जुळवलेच नाहीत.

मला इतका राग आला की मी उठून बाल्कनीत गेले. खाली कुणीतरी सायकल लावत होतं, शेजारची बाई खिडकी पुसत होती, आणि मला त्या दोघांचाही राग आला. एक तुकडा, अहो, एक तुकडा आधी कापून गोधडीवर ठेवून बघायला काय झालं होतं? कुठल्याही सातवीतल्या मुलीने ठेवून बघितला असता. हे सगळं मी आत येऊन त्यांना बोलले. ते ऐकत राहिले. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "पण मग ती कशी करायची? साचा तर एक असायला हवा ना?"

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून गोधडी बघायला लागलो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ती नीट बघितली असेल. काठापासून सुरुवात. पहिला तुकडा थोडा तिरपा, म्हणून शेजारचा तेवढाच उलटा तिरपा. त्याच्या खालचा दोघांना सांभाळून घेणारा. एकाने सोडलेली जागा दुसऱ्याने भरलेली. ती आधी जागा बघायची, त्या जागेवर पुठ्ठा दाबून कडांच्या खुणा उमटवायची, आणि त्या एका जागेसाठी एक साचा कापायची. तो दुसरीकडे कुठेच बसला नसता. म्हणून इस्त्री झाली की ती तो फेकून द्यायची. सगळ्या तुकड्यांचा मिळून एक असा आकार नव्हताच. आत येता येता ते सगळं कमीजास्त मधल्या जागेत साठत आलं होतं, आणि म्हणून मधले तुकडे सरासरीपेक्षा मोठे लागणार होते. ते तिला माहीत होतं. तिच्या हाताला तरी नक्कीच माहीत होतं.

भावजींनी एका तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कागदाच्या डब्यात असायचे," ते म्हणाले. "ते जळके, वाकडेतिकडे पुठ्ठे. ती रद्दी, आल्टपापियर, मीच टाकायचो. मला वाटायचं, हिने एवढे साचे चुकवले. मी तिला बोललोही होतो, किती वाया घालवतेस." त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसायचं सोडून चष्माच पुसत बसले. "प्रत्येक बरोबर होता, अपूर्वा. एकेक बरोबर होता."

मग ते रडले. मी त्यांना रडताना विभाच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. मी चहा केला. तो दोघांनीही प्यायला नाही.

मी उपाय सुचवले, नाही असं नाही. तुकड्यांच्या मधे काळी पट्टी लावू. कमी पडलेल्याला जोड देऊ. तिकडे बाजारात इरकल मिळते, माझा भाऊ पाठवेल. ते प्रत्येकाला मान हलवून नको म्हणाले. "जोड दिलेलं दिसेल. तिचं कुठे संपलं आणि मी कुठे बिघडवलं ते स्वानंदीला रोज दिसेल." मी म्हटलं, दिसू दे. ते म्हणाले, "तिने ते नव्हतं मागितलं."

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा त्यांनी नवंच काम केलं होतं. मधल्या प्रत्येक जागेसाठी त्यांनी एकेक साचा केला होता. विभासारखाच, जागेवर पुठ्ठा दाबून, खुणा उमटवून, कापून. दुधाच्या खोक्यांचे सगळे तुकडे टाचण्यांनी अस्तरावर लावलेले. गोधडीचा मधला भाग पत्र्यासारखा चकाकत होता. आणि सगळे बसले होते. कुठेही केसाएवढी फट नव्हती. आता त्यांना येत होतं. कापड तेवढं नव्हतं.

ईस्टरला स्वानंदी येणार होती. भावजी म्हणाले, "तुम्ही पण या. मला एकट्याला सांगता येणार नाही."

ती आली, पाठीवर एकच पिशवी घेऊन. उंच, बारीक, चेहऱ्याने थेट विभा. माझ्या गळ्यात पडली, बापाशी हात मिळवल्यासारखं काहीतरी केलं, आणि म्हणाली, "वो इस्ट झी?" कुठे आहे? भावजी तिला आत घेऊन गेले. पलंगावर गोधडी पसरलेली होती. ती गुडघ्यांवर बसली, काठावरून हात फिरवत आत आली, आणि त्या चंदेरी तुकड्यांपाशी थांबली.

भावजींनी सांगायला सुरुवात केली. मोजमाप, सरासरी, नमुना, लॉट. एकही गोष्ट लपवली नाही आणि स्वतःची बाजूही घेतली नाही. शेवटी ते दोन गठ्ठे तिच्यापुढे ठेवले. तिने काळा तुकडा उचलला, नाकाशी नेला. त्याला आता पॉलिश पेपरचा आणि नेलपॉलिशचा वास येत होता. तिने तो परत ठेवला.

"वारुम हास्ट डू मिष निष्ट गेरुफेन?" ती म्हणाली. मला का नाही बोलवलंस?

"कशासाठी?" भावजी म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "मी करत होतो ना. तू दर वेळी विचारायचीस, झाली का. मी आणखी घाई केली."

मग ती मराठीत बोलली, अडखळत, एकेक शब्द शोधत. तिला मराठी बोलताही येतं हे मी विसरूनच गेले होते. "मी विचारत होते... कारण तू म्हणशील, नाही झाली. मला येत नाही. ये. मग मी येणार होते, बाबा. आपण दोघं करणार होतो. डास वार आलेस. एवढंच होतं."

"पण तू कधी तसं म्हणाली नाहीस," भावजी म्हणाले.

"आई असती तर तिने सांगितलं असतं तुला," स्वानंदी म्हणाली.

भावजींनी मान खाली घातली. मी तिथे नसते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. कधी नव्हे ते मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी ती गोधडी घेऊन गेली, मधलं पांढरं अस्तर तसंच ठेवून. टोचेल म्हणून भावजींनी सगळ्या टाचण्या काढल्या, खाली वाकून पुन्हा पुन्हा हात फिरवून एकही राहिली नाही ना ते बघितलं. कापलेले गठ्ठे तिने नेले नाहीत. तिने राग धरला असं मला वाटत नाही. स्टेशनवर तिने बापाला जवळसुद्धा घेतलं. पण जो काळ दोघांनी एकमेकांची वाट बघण्यात घालवला होता, तो आता कुठून आणायचा?

रविवारचे फोन त्यानंतर विरळ झाले. विचारायचं काही राहिलं नव्हतं. उन्हाळा आला तसं भावजींचं वजन उतरलं, दाढी दोन-दोन दिवस राहायला लागली. मी डबा घेऊन जाते, ते "कशाला त्रास घेतलात" म्हणतात आणि अर्धा ठेवून देतात. परवा माझा संयम सुटला. मी म्हटलं, "भावजी, फोन उचला आणि पोरीला बोलवा. या शनिवारी बोलवा. म्युनिक काय चंद्रावर आहे का?"

"बोलवून काय सांगू?"

"काही सांगू नका. असंच बोलवा. ये म्हणा."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी एखादी न येणारी भाषा बोलल्यासारखे.

"असंच कसं बोलवणार?" ते म्हणाले. "काहीतरी काम लागतं. एक काम होतं, अपूर्वा. ते मी कापून टाकलं."